पप्पांची कंपनी

हसू नका हां, आधी पूर्ण ऐका. मला अजून इतका राग येतोय ना!

तुम्हाला माहितीये, मला स्कॉलरशिप लागली. सरकारी, फुल. अमेरिकेतलं अ‍ॅडमिशन पण आलेलं, केमिकल प्लांटच्या सेफ्टीचं एमएस. राहिलं काय, तर फक्त व्हिसाचा इंटरव्ह्यू. दोन-तीन मिनिटांचं काम. पण त्यावरून लोक इतकं घाबरवतात, इतकं घाबरवतात, की मी पण गेले उल्हासनगरला, कॅम्प तीनला, सनीसरच्या क्लासला.

सनीसर म्हणजे काय, तर टेबलावर कोविडच्या टायमाची प्लास्टिकची काच लावलीये, तिच्या मागे बसून तो ऑफिसर बनतो. एकेकाला उभं करतो, बाकीचे बघतात. पहिल्याच दिवशी मला विचारलं, "व्हॉट डझ युवर फादर डू?"

मी म्हटलं, "ही इज अ‍ॅन ऑपरेटर इन अ केमिकल फॅक्टरी, सर. अंबरनाथ."

"रिजेक्ट! नेक्स्ट!"

सगळा क्लास हसला. मी काचेसमोर तशीच उभी.

मग समजावतो मला. "हे बघ भावना, ऑफिसर एकच बघतो, पोरगी परत येणार का? ऑपरेटरची पोरगी परत कशाला येईल, सांग. आता हा रोहन बघ, याच्या डॅडींचं जीन्स धुवायचं युनिट आहे. हा परत येणारच, गल्ल्यावर बसायला. तू पण बोल, माय फादर हॅज अ केमिकल कंपनी."

"पण सर, नाहीये ना."

"अगं केमिकल आहे ना? कंपनी आहे ना? फक्त मालक बदलायचा. टेन्शन काय घेतेस?"

आणि सगळ्यात जास्त राग मला कशाचा येतो माहितीये? मी "हो सर" म्हटलं. मी! घरी येऊन आरशासमोर पाठ करायला लागले. बुवापाड्यातली आमची खोली केवढी, तुम्ही बघितलीये. पप्पा फर्स्ट शिफ्ट करून आलेले, दारात बसून बूट काढतायत, आणि मी आतून जोरजोरात, "माय फादर इज द प्रोप्रायटर." त्यांनी बूट उचलून कोपऱ्यात लावले. मम्मीने चहा ठेवला.

चार दिवसांनी पप्पांनी एक डबी माझ्यासमोर ठेवली. आत व्हिजिटिंग कार्डं. शंभर! 'मिलिंद साळवे, प्रोप्रायटर, भावना केमिकल्स, आनंदनगर एमआयडीसी.' वर सोनेरी बॉर्डर.

"कोणी मागितलं तर दाखवायला होईल," म्हणे.

माझं डोकंच फिरलं. "पप्पा, तुम्हाला लाज नाही वाटत? खोटं मालक बनायला?"

ते एकदम शांतपणे म्हणाले, "तुला ऑपरेटरची वाटली ना, म्हणून छापलं."

यार. मला वाटलं, त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

एवढ्यावर संपलं नाही. सनीसरने शनिवारी पप्पांनाच बोलावलं. "कधी कधी घरी फोन करून चेक करतात, अंकलची पण प्रॅक्टिस पाहिजे." पप्पा निळा शर्ट घालून आले, तो चौदा एप्रिलचा, इस्त्रीचा. काचेसमोर ताठ बसले.

"अंकल, तुमच्या कंपनीत वर्कर किती?"

"बेचाळीस."

"गुड. अजून काय सांगाल कंपनीबद्दल? हिंदीत, मराठीत, कशात पण बोला."

आणि पप्पा सुटले ना! "सगळे पर्मनंट आहेत. काँट्रॅक्टवर कोणी नाही. सगळ्यांना हँडग्लोज, मास्क. महिन्याला नवीन. फाटले तर लगेच दुसरे, सही-बिही काही नाही. रिअ‍ॅक्टर साफ करायला एकट्याला उतरवत नाय. अ‍ॅम्ब्युलन्स गेटवर उभी असते."

"सुपर्ब!" सनीसरने टाळ्या वाजवल्या. "बघा रे, याला म्हणतात कॉन्फिडन्स! अंकल, तुम्ही तर अ‍ॅक्टर निघाले!" क्लासने पण टाळ्या वाजवल्या.

अ‍ॅक्टर? एकोणीस वर्षं झाली पप्पांना तिथे, काँट्रॅक्टवर! हँडग्लोज स्वतःच्या खिशातून घेतात. त्यांच्याच शिफ्टमधल्या बबनकाकांचा हात कोपरापर्यंत भाजला तेव्हा रिक्षातून नेलं, पप्पांनीच नेलं, आणि तो दिवस दोघांचा खाडा लावला. जे जे मिळालं नाही, ते सगळं हा माणूस घडाघडा सांगतोय, आणि हे टाळ्या वाजवतायत!

मी उठले, पप्पांचा हात धरला आणि बाहेर. सनीसर मागून ओरडतोय, "रिजेक्ट झालीस तर रडत येऊ नको!" रिक्षात पप्पा विचारतात, "चुकलं काय माझं?"

इंटरव्ह्यूच्या दिवशी कार्डांची डबी घरीच ठेवली. पण खरं सांगते, काचेसमोर गेल्यावर तोंडात तेच पाठ केलेलं आलं. ऑफिसरबाईने विचारलं, वडील काय करतात? माय फादर... आणि थांबले. मग म्हटलं, ऑपरेटर आहेत. काँट्रॅक्टवर. तिने विचारलं, मग हाच कोर्स का? मी बबनकाकांचा हात सांगितला. परत येऊन काय करणार? म्हटलं, आनंदनगरलाच काम करणार, तिथे माझी गरज आहे. माझं इंग्लिश पार तुटलं तेव्हा, पण मी बोलत राहिले. तिने टाइप केलं काहीतरी आणि पासपोर्ट ठेवून घेतला. म्हणजे व्हिसा झाला!

आता ऐका खरं. आठवड्याने पप्पा कामावरून आले ते लालबुंद होऊन. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. त्यांचा काँट्रॅक्टर उल्हासनगरला राहतो. त्याने सगळ्यांसमोर म्हटलं, "काय साळवे शेठ, फ्लेक्सवर चमकताय! उद्यापासून हजेरी कशाला लावताय?"

तसेच गेलो दोघं. क्लासच्या दारावर माझा फोटो, फी भरताना दिलेला, एवढा मोठा. व्हिसाचं मी रोहनला सांगितलेलं, त्यानेच पोचवलं असणार. 'व्हिसा सक्सेस! सुप्रसिद्ध उद्योगपती श्री. मिलिंद साळवे यांची कन्या. मार्गदर्शक, सनीसर.'

पप्पा आत गेले. "सर, फोटो राहू द्या. उद्योगपती तेवढं काढा."

"अंकल, तुमचीच इज्जत वाढतेय ना!"

"मग ऑपरेटर लिहा."

तो हसला. खरंच हसला. "ऑपरेटर लिहिलं तर क्लासला कोण येईल?"

पप्पांनी खिशातून कटर काढला, कंपनीत गोण्या कापतात तो, आणि माझ्या हातात दिला. बाहेरचं स्टूल ओढलं. "चढ. मी धरतो."

सनीसर बोंबलतोय, "पोलिसांना बोलवीन! फ्लेक्सचे पैसे कोण देणार?" समोरच्या दुकानातले बाहेर आले. रोहन व्हिडिओ काढतोय. मी कापतेय, आणि खालून पप्पा, "सरळ काप गं. सुप्रसिद्ध पण काढ. नाव नको कापू माझं."

अजून तसाच आहे तो फ्लेक्स. मध्ये भोक, त्याच्या खाली पप्पांचं नाव. दुसरा छापायची दानत नाही त्या सनीची, आणि काढत पण नाही, म्हणतो फोटो तर चांगलाय.