मौनीमाईंचा धावता हात

बाहेरच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. आत बाबांच्या तोंडून मेलेली माणसं बोलतात आणि न सांगता घरातलं सगळं ओळखतात, अशी ख्याती होती. भिंतीशी मौनीमाई अर्धवट डोळे मिटून, गुडघ्याआड धरलेल्या कागदावर रेघोट्या ओढत बसल्या होत्या.

"देवाची लिपी ती!" चेला बजावत होता. "कागद बाबांच्या पायाशी जातो. तोवर मन मोकळं करा."

धाकट्या बहिणीसोबत आलेल्या ताईच्या जिवाला घोर होता. मागच्या खेपेला धाकटीच्या गेलेल्या नवऱ्याने बाबांच्या तोंडून सांगितलं होतं, "पोरीच्या फिटच्या गोळ्या बंद कर." पोर परवा शाळेत आकडी येऊन पडली. तरी धाकटीचं एकच, "ते म्हणतील तसं."

ताई शॉर्टहँड शिकवायची. बोलणं उतरवणारा हात नेहमी दोन शब्द मागे असतो, हे तिचं रोजचं सांगणं. आता धाकटी बोलू लागली, तसा माईंचा हात पळू लागला. हुंदक्याने ती अडली, तरी हात क्षणभर पुढे धावला आणि मगच थांबला.

ताई मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "भाऊजी बासरी काय गोड वाजवायचे!" आणि चमकलेल्या धाकटीचा हात दाबला.

कागद आत गेला. पाठोपाठ दोघींना बोलावणं आलं. बाबा घुमू लागले, "मी आलोय गं... इथेही तुझ्यासाठी बासरी वाजवतो..."

धाकटी पांढरीफटक पडली. "बासरी? त्यांना साधी शिट्टी येत नव्हती!"

"आत्मा कधीकधी गोंधळतो," चेला पुटपुटला.

"गोंधळला तो तुमचा बाबा!" ताईने कागद उचलला, दारात येऊन धाकटीचं मघाचं बोलणं हुंदक्यापर्यंत वाचून दाखवलं. "याला लघुलेखन म्हणतात, शॉर्टहँड. बोला काहीही, मीही उतरवते."

"बाई, वाट सोडा," एक म्हातारा म्हणाला. "माझा नंबर आहे. मुलाशी बोलायचंय मला."

ताई वाट सोडून धाकटीला घेऊन बाहेर रस्त्यावर आली.

धाकटीने विचारलं, "मग गोळ्या बंद कर, म्हणालं कोण?"

"मागच्या वेळी बाहेर बसून तू काय बोलली होतीस?"

धाकटीला आठवलं. "गोळ्यांनी पोर मलूल होते. बंद कराव्याशा वाटतात."

"तुझीच भीती तुला त्यांच्या आवाजात ऐकवली, बाळ. गेलेल्यासाठी पोटभर रड. पण जिवंत पोरीचं औषध डॉक्टरांना विचारूनच ठरव. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर आधी विचार, याला हे कळलं कुठून?"