युमेनीस परत आला तेव्हा

बोलायला उभं राहण्याआधी चिंतामण सरांनी मान वळवून मागच्या भिंतीकडे पाहिलं. त्यांचा फोटो उतरवला होता, खिळा तसाच होता. वाचनालयाच्या दिवंगत अध्यक्षांच्या रांगेत शेवटचा खिळा, आणि त्याखाली चुन्यावर हाराचा पिवळट डाग.

टेबलाच्या टोकाला, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर केशवराव बसले होते. मूर्तिजापुरात त्यांचं बी-बियाण्याचं दुकान. व्याख्यानमालेची सगळी धावपळ मात्र वर्षानुवर्षं त्यांचीच. आता अध्यक्षही तेच. मधली, अध्यक्षांची गादीची खुर्ची त्यांनी रिकामी ठेवली होती. देखावा, सरांना वाटलं. केशवरावांनी तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

"कोमट हाये, सर. घरून आणलं."

सरांनी तांब्या होता तिथे सरकवून दिला.

हिवाळ्यात सर नागपूरच्या इस्पितळात हृदयाच्या शस्त्रक्रियेतून सावरत असताना कुणीतरी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रूपवर त्यांच्या निधनाची बातमी टाकली. जोडलेल्या हातांची रांग लागली. फोन करून कुणी विचारलं नाही, केशवरावांनीही नाही. याच सभागृहात शोकसभा झाली, फोटो चढला, सरांचं अध्यक्षपद केशवरावांकडे गेलं. नंतर अस्थी कधी आणणार हे विचारायला सरांच्या पत्नीला, कुंदाताईंना, फोन आला, तेव्हा त्या नवऱ्याला वरणाचं पाणी पाजत होत्या. केशवराव त्याच दिवशी नागपूरला धावले. सरांनी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं आणि ते जाईपर्यंत फिरवलं नाही.

हे सगळं कदाचित विरलंही असतं. पण परवा सर पुस्तक बदलायला गेले असता ग्रंथपाल मंजुषाच्या तोंडून भाबडेपणानं निघून गेलं की शोकसभेत लोक हसले होते. कशाला हसले हे विचारण्याचा सरांना धीर झाला नाही. कॉलेजात इतिहास शिकवण्यात जन्म गेला. मागच्या बाकांवर हसू फुटलं की आपल्यालाच हसत असतील असं समजून ते फळ्याकडे वळत. आता त्यांच्या मरणालाही लोक हसले होते, आणि तेव्हा व्यासपीठावर केशवराव होते.

ते ठरवून आले होते. भर सभेत याला उघडा पाडायचा, वाचनालयाला रामराम ठोकायचा आणि पुन्हा ही पायरी चढायची नाही.

विषय त्यांचा आवडता होता: सिकंदराच्या मागे उरलेली राज्यं, आणि त्यांत यशस्वी कोण. सुरुवातीला आवाज कापला. मग राग कामाला आला. इजिप्तचे टॉलेमी सर्वांत जास्त टिकले, पण भाऊ भावाच्या जिवावर उठला. सेल्युकसच्या वंशजांकडे सर्वांत जास्त मुलूख, तिथेही भावाभावांची युद्धं. मॅसिडोनियात थोरल्यानं कान भरले आणि बापानं धाकट्याला मारवलं. उरलं आजच्या तुर्कस्तानातलं पर्गमम, सगळ्यांत लहान.

"पर्गममचा राजा युमेनीस," ते म्हणाले, "डेल्फीच्या देवळाच्या वाटेवर त्याच्यावर वरून धोंडे लोटले गेले. तो मेला अशी अफवा घरी पोचली. कुणी खात्री केली नाही. धाकट्या भावानं, अ‍ॅटलसनं, मुकुट घातला आणि भावाच्या राणीशी लग्नही लावलं."

सभागृहात खसखस पिकली. सर थबकले. हसण्याची जागा अजून आलीच नव्हती.

"आणि युमेनीस जिवंत परत आला," त्यांनी सरळ केशवरावांकडे बघत म्हटलं. "त्यानं भावाला मिठी मारली आणि कानात सांगितलं, पुढच्या वेळी माझं प्रेत डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लग्नाची घाई करू नकोस."

लोक मोकळेपणानं हसले. केशवराव मान खाली घालून टेबलक्लॉथची दशी ओढत राहिले.

गोष्ट इथे संपत नव्हती, हे सरांना माहीत होतं. तिचा उरलेला भाग हाच त्यांचा सिद्धान्त होता, आणि तो सांगितला तर हातातला दगड खाली ठेवावा लागणार होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तेव्हा सर्वांत यशस्वी इजिप्त," ते म्हणाले. "जे टिकलं ते यशस्वी. धन्यवाद."

बसताना त्यांचे कान तापले होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी इतिहास जाणूनबुजून खोटा सांगितला होता.

आभार मानायला केशवराव उठले. बराच वेळ माइकशी खुडबुड केली.

"मी काई शिकेल माणूस नाही," ते म्हणाले. "पण सरांचं हे भाषण मी तीन वेळा आयकेल हाये. दर वेळेस पर्गममच पयलं यायचं. शोकसभेत मले बोला म्हनलं, तं मले दुसरं काय येते? मी हेच सांगतलं. लोक हासले बी. मंग पुढचं सांगतलं का त्या धाकट्यानं त्याच दिवशी मुकुट उतरवून ठेवला, भाला घेऊन शिपायाइत उभा रायला, अन् मोठा मेल्यावर गादी सांभाळून त्याच्याच पोराले देली. म्हून ते राज्य पयलं." ते घुटमळले. "आज सरांनी इजिप्त म्हनलं. तवा माह्या ध्यानातच चूक असन. तिचीबी माफी मांगतो."

कुणी हसलं नाही. मागून टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच थांबल्या.

सरांनी हात लांब करून तांब्या ओढून घेतला. पाणी आता गार झालं होतं. ते दोन घोट प्याले आणि उठले. माइककडे जाईपर्यंत राग छातीत तसाच होता. फक्त त्याला आता टेकायला जागा उरली नव्हती. त्यांनी माइकवर तळवा ठेवला आणि केशवरावांच्या कानाशी वाकले.

"फोटो कुठे आहे?"

"घरीच हाये. टाकवला नाही. मन नाही झालं."

"राहू द्या. पुढेमागे लागेलच." सर थांबले. "पण त्या वेळी आधी स्वतः येऊन बघा."

मग त्यांनी तळवा काढला.

"एक दुरुस्ती आहे," ते सभेला म्हणाले.