टाफ्ट बिनविरोध

अमेरिकेचा इतिहास इथे सिंगापुरात, तोआ पायोहच्या हॉलमध्ये बसून आमचे निशिकांतकाका बदलणार! ऐकून माझं डोकंच फिरलं.

नाटुकलं मी लिहिलं होतं, आमच्या मराठी मंडळाच्या मुलांसाठी. माझ्या लेकीचं, किमयाचं, शाळेत १९१२ सालावर प्रोजेक्ट होतं, त्यावरून सुचलं. रूझवेल्टनं टाफ्टला हाताला धरून आपल्यामागून राष्ट्राध्यक्ष केलं, मग दोघांचं फाटलं आणि पक्षाच्या उमेदवारीसाठी शिकागोच्या अधिवेशनात जुंपली. जिथे लोकांनी मतं दिली तिथे बहुतेक ठिकाणी रूझवेल्ट जिंकलेला. पण उमेदवार निवडणारा कुठला प्रतिनिधी खरा, कुठला खोटा, हे ठरवणारी समिती टाफ्टवाल्यांची. झालं! वादातल्या बहुतेक सगळ्या जागा टाफ्टच्या घशात.

यावर चिडणाऱ्या प्रतिनिधीचं भाषण किमयाचं. घरात दोन वाक्यं मराठीत बोलायची तर जिच्या जिवावर येतं, ती माझी पोर आरशासमोर तावातावानं मराठीत भांडत होती. ‘प्रतिनिधी’ म्हणताना अडखळायची, पुन्हा म्हणायची.

आणि रंगीत तालमीला काका म्हणतात, "सुचित्रा, मुलांच्या कार्यक्रमात भांडण कशाला? ते भाषण काढ. टाफ्टला बिनविरोध करून टाक."

"अहो काका, बिनविरोध कसा? भांडण हेच तर नाटक आहे!"

"आपल्यात कसं, सगळं समजुतीनं होतं."

होतं ना! काका मंडळाचे अध्यक्ष तिसऱ्यांदा झाले ते समजुतीनंच. उभं राहायचं कुणी नुसतं म्हटलं, की त्याला चहाला बोलवायचं आणि गोड बोलून बसवायचं. शिवाय टाफ्ट कोण? काकांचा नातू, रुचिर. मी तणतणले, पण बाकीची कमिटी मोबाइलमध्ये डोकं घालून बसली. शी! भाषण गेलं.

परतताना एमआरटीच्या गाडीत किमया रडली नाही, भांडलीही नाही. तेच मला जास्त लागलं.

कार्यक्रमाच्या दिवशी काकांचा शेवट असा: रुचिर हारासाठी मान पुढे करून उभा, आणि नाव पुकारलं की एकेका मुलानं ओरडायचं, "टाफ्ट, बिनविरोध!" पहिलं नाव किमयाचं.

"हजर," ती म्हणाली. "पण मत देणार नाही."

मी विंगेत गार. पुढचं नाव गार्गीचं.

"हजर. पण मत देणार नाही."

मग श्रिया. मग वरुण. सगळी कार्टी एक झालेली!

"किमया, अगं हे काय?" मी पुटपुटले.

"आई, शिकागोत दे रिअली सेड धिस, लाह!" ती तिथूनच म्हणाली. "रूझवेल्टची माणसं असंच म्हणाली."

पहिल्या रांगेतून काका ताडकन उठले. "हे असं ठरलं नव्हतं!"

रुचिरनं मान वर केली. हार घालायला कुणी पुढे येईना.

"आजोबा," त्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "मग मी जिंकलो का हरलो?"