पोपटाचा पत्रा

"अब्बा, चारच रिव्हेट मारून द्या ना. माह्या हातानं वाकडे बसून राह्यले."

तारिकने बंदूक ऐरणीशेजारी ठेवली. सरदारने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाभुळगावात त्याचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान. अर्ध्या तालुक्याच्या लेकी त्याच्या पेट्या घेऊन सासरी गेलेल्या, आणि त्याचा स्वतःचा मुलगा व्हिडिओ बघूनबघून भिंतीवर टांगायची बंदूक बनवत बसला होता. म्हणे शौक! ती उडणारी नव्हती, पण घर मात्र तिने पार उडवून दिलं होतं. महिन्यापूर्वी भाकरी थापत बसलेल्या बायकोच्या, आरजूच्या, कानशिलाला मागून तिची नळी लावून याने 'ठो' केलं. ती किंचाळली, ते किंचाळणं याने मोबाइलमध्ये घेतलं आणि दोस्तांना पाठवलं. सगळे पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी सून अंगावरच्या कपड्यांनिशी वणीला माहेरी निघून गेली.

पेटी मात्र तिने नेली नव्हती. सरदारचा सगळा जीव त्या पेटीत अडकला होता. पेटी घरात आहे तोवर आरजू येईल, असं तो हजराबीला, आपल्या बायकोला, रोज सांगायचा. सोयरीक जमली तेव्हाच त्याने "पेटी आमच्याकडून" म्हणून टाकलं होतं. गिऱ्हाइकांच्या पेट्यांवर तो कमळं काढायचा, पण सुनेच्या पेटीच्या बाजूवर त्याने हिरवा पोपट काढला होता.

"मुठीवरचा पत्रा हाय फक्त," तारिक म्हणाला.

पोराची भुणभुण थांबावी म्हणून सरदारने बंदूक हातात घेतली. मुठीवर वाकवलेल्या पत्र्यावर हिरवा रंग होता. त्यातून लाल चोच बाहेर आली होती.

"हा पत्रा कुठचा?"

"पेटीचा. कुलूप होतं, म्हून बाजूनं कापली."

"आन् तिचे कपडे?"

"भरले पोत्यात. तुम्ही कायले टेन्शन घेता? रंग पाहा ना, कसा दिसून राह्यला!"

सरदारच्या तोंडात कडू पाणी आलं. तो उठून नालीपाशी गेला आणि थुंकला. परत येऊन पाहतो तर नळीखालच्या रिव्हेटची गोल डोकी त्याच्याच हातोडीची होती. पोरगं काही शिकतंय या कौतुकात सुरुवातीला त्यानेच ते मारून दिले होते. त्याला आपल्या हातांचीही शिसारी आली.

त्याने छिन्नी घेऊन पत्रा उपटून काढला.

"अब्बा! काय करून राह्यले?"

"ने तुही बंदूक. पुन्हा दुकानात आणू नको."

"एवढ्याशा पत्र्यासाठी?"

"किळस येते मले तुही," सरदार म्हणाला. पोटच्या पोराला असं बोलायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

हजराबीने कपडे धुऊन, वाळवून घड्या केल्या आणि कापलेल्या बाजूने एकेक आत सारल्या. कुलूप तोडायला सरदारचं मन धजेना. त्याने पत्रा ऐरणीवर सरळ केला आणि बाहेरून बसणाऱ्या पॉप रिव्हेटने जागच्या जागी लावला. एरवी तो या रिव्हेटना नावं ठेवायचा. कितीही केलं तरी जोड पोपटाच्या मानेवरूनच गेला.

"पेटी घेऊन चालले तुम्ही, म्हंजे आता आरजू..." हजराबी म्हणाली.

"हो," सरदार म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो एसटीने वणीला गेला. आरजूच्या घरी त्याने पेटी कोपऱ्यात ठेवली, पोपट भिंतीकडे करून. आरजूने ती ओढून बाहेर घेतली. जोडावरून तिने बोट फिरवलं. हे कोणी केलं, असं तिने विचारलं नाही. सरदारला मान वर करता येईना.

तिने गळ्यातल्या दोऱ्यातून किल्ली काढून कुलूप उघडलं. घड्या पाहून तिचे डोळे भरून आले.

"अम्मीनं केल्या ना?"

"हो."

"किल्ली मी गळ्यातच ठेवलती, अब्बा," ती हळू आवाजात म्हणाली. "चार दिवसांत वापस याचं म्हून."

आरजूने झाकण लावलं आणि गळ्यातला रिकामा दोरा सोडून ठेवला. मग ती चहा टाकायला आत गेली. किल्ली कुलपातच राहिली होती.