हवेला गेटपास लागत नाही

चाकणच्या एका कंपनीत एसीचं काम बघणाऱ्या भीमराजचं टाळकं सकाळी दहालाच सटकलं. जुन्या एसी प्लँटमधला गॅस त्याने चार महिने खपून, मशीनने ओढून दोन सिलिंडरांत भरला होता. आणि आता मुकुंदसाहेब खुशाल म्हणत होते, "सोडून दे हवेत."

"का साहेब?"

"अकराला पर्यावरण पुरस्काराची तपासणी आहे. घातक गॅसचा साठा शून्य दिसला पाहिजे."

"मग शुद्ध करणाऱ्यांकडे पाठवू की. परत वापरतात."

"गेटपासला तीन सह्या लागतात, दोघे रजेवर आहेत. हवेला गेटपास लागत नाही, राजा."

भीमराजने हातातलं फडकं आपटलं. "साहेब, ऊन ह्या गॅसमधून आरपार खाली येतं. तापलेली जमीन ती उष्णता वर फेकते, तेव्हा हा मधेच झेलतो न् बरीचशी परत आपल्याच डोक्यावर ओततो. कार्बन डायऑक्साइडचाही हाच धंदा, पण ह्याचा एक किलो त्याच्या दीड हजार किलोंना भारी. कुरुळीत माझी आई पत्र्याखाली ओला पंचा डोक्यावर घेऊन बसलीय. तिच्यावर अजून एक गोधडी टाकू?"

"भाषण तपासणीच्या मॅडमना दे," म्हणत साहेबांनी स्वतःच पाना उचलला आणि एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह गरागरा फिरवला.

फुस्स! व्हॉल्व्हवर बर्फ धरला, साहेबांची बोटं सुन्न पडली, आणि ते हात झटकत तिथल्या तिथे नाचायला लागले. गॅस हवेपेक्षा जड. तो जमिनीवरून सरपटत थेट प्लँटरूममध्ये घुसला. बसवल्यापासून कधी तोंड न उघडलेला गॅसगळतीचा अलार्म बोंबलत सुटला. नऊशे माणसं धावत मैदानात, रणरणत्या उन्हात. भीमराजने व्हॉल्व्ह बंद करेपर्यंत सिलिंडर रिकामं.

तेवढ्यात तपासणीच्या निवेदिता मॅडम वेळेआधीच येऊन गाडीतून उतरल्या. अलार्म त्यांनी गेटवरच ऐकला होता; घड्याळ बघून खूश झाल्या. "चार मिनिटांत सगळे बाहेर! काय सुंदर सराव!"

"सराव न्हाई मॅडम!" भीमराज ओरडला. "वीस किलो गॅस सोडला यांनी, तुम्हाला साठा दिसू नये म्हणून. तीस टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं झालं हे!"

मॅडमनी फॉर्म मागून-पुढून पाहिला. "साठ्याचा रकाना आहे. सोडलेल्याचा नाहीये हो."

"बघितलंस?" साहेब फुंकर मारत बोटं चोळत म्हणाले. "चल, दुसरंही उरक. मॅडम थांबल्यात."

भीमराज उरकायला गेला खरा. भरलेलं सिलिंडर त्याने शेडच्या सावलीत ओढलं, आडवं केलं, पाना पँटीत खोचला आणि वर फतकल मारून बसला.

"ऊठ."

"न्हाई."

"भीमराज, तुझी नोकरी..."

"घ्या की. मॅडम, लिहा तुमच्या फॉर्मात. साठा एक सिलिंडर, वर एक माणूस. गाडी पाठवा, दोन्ही घेऊन जा."