अर्धी पुडी

“आजी, पेस्ट्रीच्या खोक्यावरची ती हिल्डा आजी खरंच कोण होती?” कंपनीतून आलेल्या ब्रेंटने वही उघडत विचारले.

“कुणी नव्हती रे. ऑफिसातल्या चार बाप्यांनी मिळून जन्माला घातली तिला. आणि आजी ती. मला आर्डिस म्हण.”

अमेरिकेत मिनेसोटातल्या त्या लहानशा गावात, कारखान्याचे नवे पदार्थ करून पाहायच्या चाचणी-स्वयंपाकघरात आर्डिसने एकतीस वर्षे काढली होती. सकाळी टोस्टरमध्ये टाकायची ती गोठवलेली पेस्ट्री तिच्याच हाताखालून गेलेली. आता पेस्ट्रीला चाळीस वर्षे होणार, म्हणून खोक्यामागे तिचा इतिहास छापायचा होता.

“आयसिंग वेगळ्या पुडीत कसं आलं?”

“आधी लावलं की टोस्टरमध्ये जळायचं, धूर नुसता. साहेबांनी आठ महिने डोकेफोड केली. मी पहाटे पाचला कामावर जायचे. माझ्या लेकीसाठी, लोर्नासाठी पेस्ट्री ठेवायचे, शेजारी पिशवीत आयसिंग, कोपरा कापून. पोरगी पेस्ट्री गरम करून वर आपलं नाव लिहायची. अर्धं आयसिंग मला ठेवायची, तोंड दुमडून, कपड्यांचा चिमटा लावून. एक दिवस ती पिशवीच नेऊन ठेवली साहेबांपुढे.”

“म्हणून दोन पेस्ट्रींत एक पुडी?”

“म्हणूनच. घरोघरी पोरं भांडतात ना त्यावरून, ते पाप आमचं.” ती हसली. “नाव तेवढं लोर्नाचं छाप. दुसरं काही नको मला.”

लेकीशी बोलून नऊ वर्षे झाली होती. लोर्नाच्या वडिलांना पुरून आल्यावर घर विकण्यावरून मायलेकींत शब्दाने शब्द वाढला आणि लोर्ना सिएटलला गेली ती गेलीच. आपण होऊन फोन करायला आर्डिसची जीभ रेटत नव्हती. पण एखाद्या दुकानात खोके लेकीच्या हाती पडेल, नाव दिसेल, मग तीच करेल फोन, अशी आस तिने मनाशी धरली.

सहा महिन्यांनी खोके आले. आर्डिसने चष्मा पुसला. ‘हिल्डा आजीची लाडकी नात एमिली...’ सोबत ब्रेंटची चिठ्ठी होती: वकील खऱ्या माणसाचं नाव नको म्हणाले. मी खूप भांडलो हो.

“भांडला असशील बाबा,” ती म्हणाली आणि तिला रडू कोसळले. पिशवी नेली, दुमडलेलं तोंड नेलं, पोर तेवढी टाकून दिली मेल्यांनी.

डोळे पुसून तिने पुन्हा पाहिले. चित्रातल्या पुडीला कपड्यांचा लाकडी चिमटा होता. तो कुणाच्या घरचा, हे ब्रेंट सोडला तर आता जगात तिला आणि लोर्नालाच ठाऊक होते; दुकानात दिसला तर लेक ओळखेलच.

तिने दोन पेस्ट्री भाजल्या. एकीवर आयसिंगने लोर्नाचे नाव लिहिले. उरलेल्या पुडीचे तोंड दुमडून चिमटा लावला आणि ती समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढच्या ताटलीशेजारी ठेवली. मग बैठकीतला फोन उचलून आणला आणि वायर पुरेल तितका टेबलाजवळ सरकवला.