सर्वानुमते

"मिनिट्समध्ये लिहिलंय तेच मीटिंगमध्ये घडलं, असंच धरून चालतात," वकीलबाई म्हणाल्या आणि माझ्या शेजारी व्हॅलेरियन अंकलचं पेन थांबलं.

शाळेच्या लायब्ररीत आम्ही नऊ मोठी माणसं पहिलीच्या पोरांच्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसलो होतो. पालक-शिक्षकांच्या स्कूल कौन्सिलच्या मेंबरांना वर्षातून एकदा नवे कायदे आणि आपापल्या जबाबदाऱ्या समजावून सांगतात, त्याचं हे वकीलबाईंचं सेशन. मुलांचे फोटो कुठे टाकायचे नाहीत, कँटीनमध्ये सँडविच करायला येणाऱ्या आजीचीही पार्श्वभूमी कशी तपासायची, असं सगळं. खोटं कशाला बोलू, मी चहाची वाट बघत होते. अंकल मात्र शब्द न् शब्द टिपून घेत होते.

व्हॅलेरियन तुस्कानो, वय एकाहत्तर. वसईकडच्या एका सरकारी कचेरीत एकतीस वर्षं कारकून. बायको गेल्यावर मुलाने त्यांना इथे परदेशी, स्कोफिल्ड्सला आणलं. मुलगा-सून कामाला, नात शाळेत, आणि हा माणूस दिवसभर घरात एकटा, डिशवॉशर भर आणि रिकामा कर. कौन्सिलला सेक्रेटरी मिळेना, तेव्हा मीच त्यांना गळ घातली. पहिल्या मीटिंगला ते टाय लावून आले. मीटिंगची मिनिट्स ते वहीत हाताने लिहीत, पुढच्या मीटिंगला उभं राहून वाचून दाखवत, आणि मग मी टाइप करायचे. त्यांचं अक्षर बघून प्रिन्सिपल एकदा "ब्यूटिफुल, व्हॅल" म्हणाले, तर घरी जाताना अंकलनी मला गाडीत चार वेळा विचारलं, "काय म्हणाले गं ते नक्की?"

कौन्सिलमधली एक आई, केली, हिने हात वर केला. "कुणी विरोध केला, पण मिनिट्समध्ये तो आलाच नाही, तर?"

"तर कागदावर विरोध झालाच नाही," वकीलबाई म्हणाल्या. केलीने मान खाली घातली.

गोष्ट अशी होती. मार्चमध्ये कौन्सिलने शाळेचं मागचं गेट बंद करायचा ठराव केला. तिथे लक्ष ठेवायला शिक्षक पुरत नाहीत, हे कारण खरंच होतं. पण केलीची मुलगी जॉर्डन व्हीलचेअरवर आहे. मागचं गेट सपाटीवर, तिथून ती आपली आपण आत जायची. पुढच्या रॅम्पला चढ एवढा, की तिला रोज कुणीतरी ढकलावं लागतं. पुढच्या मीटिंगला मिनिट्स कायम झाली तेव्हा जॉर्डनचं ऑपरेशन होतं, केली आलीच नव्हती. नंतर तिने शिक्षण खात्याकडे तक्रार केली. उत्तर आलं: ठराव सर्वानुमते झालेला आहे.

चहाच्या वेळी अंकल मला खिडकीपाशी घेऊन गेले.

"वीणा, त्या दिवशी केली 'नाही' म्हणाली होती ना?"

"हो, अंकल."

"मग मी 'सर्वानुमते' कसं लिहिलं गं?"

टाइप करताना तो शब्द माझ्याही नजरेखालून गेला होता. म्हटलं होतं, जाऊ दे, आठ विरुद्ध एक.

"आमच्या कचेरीत असंच लिहायचे," ते म्हणाले. "एखादा कुरकुरला तर साहेबांच्या ठरावाला डाग कशाला? शेवटी 'सर्वानुमते मंजूर' लिहायचं आणि सही घ्यायची. एकतीस वर्षं लिहिलं मी. कुणाचं काय अडलं असेल, कधी मनातसुद्धा आलं नाही."

"अंकल, तुम्ही टेन्शन घेऊ नका. मी उद्या प्रिन्सिपलना मेल टाकते. उगाच सगळ्यांसमोर नको. तुम्हाला सेक्रेटरीवरून काढतील."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझीच लाज वाटली.

"चूक मी सगळ्यांसमोर वाचून दाखवली, पोरी. दुरुस्ती कानात सांगू?"

चहा संपल्यावर ते उभे राहिले. टाय सारखा केला. सगळ्यांना वाटलं, काहीतरी शंका विचारणार.

"मार्चची मिनिट्स चूक आहेत," ते त्यांच्या जपून जुळवलेल्या इंग्रजीत म्हणाले. "ती मी चूक लिहिली. केली 'नाही' म्हणाली होती. मी ऐकलं होतं."

प्रिन्सिपल भला माणूस. हसून म्हणाले, "नो वरीज, व्हॅल. छोटीशी चूक आहे."

"छोटी नाही, सर." इथे सगळे प्रिन्सिपलना नावाने हाक मारतात. अंकलना ते कधी जमलं नाही. पण त्या 'सर'मध्ये आज वाकणं नव्हतं. टेकडीसारखा उभा होता तो माणूस, आणि मी त्या इवल्या खुर्चीवरून मान वर करून बघत होते. आयुष्यात एवढं मोठं काही मी जवळून पाहिलेलं नाही.

वकीलबाई म्हणाल्या, दुरुस्ती आजच्या मिनिट्समध्ये नोंदवता येईल, खात्यालाही कळवावी लागेल, आणि गेटचा ठराव पुन्हा चर्चेला घ्यावा लागेल. मी वहीसाठी हात पुढे केला. म्हटलं, निदान हे तरी त्यांना स्वतःच्या हाताने लिहायला लागू नये. अंकलनी वही दिली नाही. बसले आणि लिहू लागले. नऊ माणसं एका म्हाताऱ्याच्या पेनाची खरखर ऐकत बसली.

मग त्यांनी वाचून दाखवलं. "सेक्रेटरींनी सांगितले की मार्चच्या ठरावाची नोंद त्यांनी खोटी केली." 'चुकीची' नव्हे, 'खोटी'. "केली यांनी आपल्या मुलीच्या अडचणीमुळे ठरावाबद्दल नाराजी व्यक्त केली होती." त्यांनी केलीकडे पाहिलं. "बरोबर आहे?"

केलीचे डोळे भरून आले होते, पण आवाज सरळ होता.

"नाही, व्हॅल. मी नाराजी व्यक्त केली नव्हती. मी 'नाही' म्हटलं होतं."

अंकलनी त्या सुंदर अक्षरातल्या ओळीवर पट्टी न घेता काट मारली, खाली लिहिलं, 'केली: नाही', आणि वही फिरवून तिच्यापुढे ठेवली.